अर्धे देवदूत, अर्धे माणूस : नेफिलीमांच्या कथेची पार्श्वभूमी

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, नोहाचा जलप्रलय सुरू होण्याआधी, चार वचनं येतात. ‘बेने हा-एलोहीम’, म्हणजे देवाचे पुत्र, माणसांच्या मुलींवर भाळले आणि त्यांना मुलं झाली. त्या काळी पृथ्वीवर नेफिलीम नावाचे कोणी होते. (कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या नावातलं ‘बेने’ ते हेच.) नेफिलीम म्हणजे हीच मुलं का, हेही तिथे धड सांगितलेलं नाही.

ही फट भरून काढली ती नोहाचा पणजोबा हनोख याच्या नावावरच्या ग्रंथाने. त्याचा सर्वात जुना भाग साधारण इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. तिथे शेमिहाझाच्या पुढाकाराने २०० देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात, सगळे मिळून शपथ घेतात, कारण पापाचं खापर एकट्याच्या डोक्यावर फुटावं अशी म्होरक्याची तयारी नसते. त्यांच्यातला असाएल माणसांना तलवारी घडवायला शिकवतो, डोळ्यांना काजळ घालायलाही. जन्मलेली राक्षसी पोरं आधी माणसांची मेहनत खातात, मग माणसांनाच. ती मेली तरी सुटका नाही: शरीर आईकडचं, ते नष्ट होतं, बापाकडून आलेला आत्मा मात्र भूत होऊन भटकत राहतो. जगात भुतंखेतं आली कुठून, याचं हे उत्तर. संकर इथे नुसता चमत्कार नाही, सगळा युक्तिवादच त्यावर उभा आहे.

मृत समुद्राकाठी कुमरानच्या चौथ्या गुहेत १९५२ मध्ये या ग्रंथाचे अरामी तुकडे सापडले. सोबत ‘राक्षसांचा ग्रंथ’ही मिळाला. त्यातल्या एका राक्षसाचं नाव गिल्गमेश! बाबिलोनचा नायक यहुदी लेखकांनी सरळ त्या पापी पिलावळीत बसवला. संपूर्ण हनोख मात्र टिकला तो इथिओपियात, तिथल्या जुन्या गीझ भाषेत. तिथल्या चर्चने तो बायबलातच ठेवला आहे.

रब्बींना, म्हणजे यहुदी धर्मगुरूंना, ही कथा पचली नाही. दुसऱ्या शतकातले शिमोन बार योहाय ‘देवाचे पुत्र’ म्हणजे न्यायाधीशांचे पुत्र असा अर्थ लावत, आणि शब्दशः अर्थ घेणाऱ्याला शाप देत. तरीही तालमूद या रब्बींच्याच ग्रंथात बाशानचा राजा ओग हा शेमिहाझाचा नातू म्हणून हजर आहे. हा तोच ओग, ज्याचा लोखंडी पलंग बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात नऊ हात लांब सांगितला आहे. आणि त्याच्या राज्यात हर्मोनही होता.