मीमर

मीमर : इंटरनेटवर मीम बनवणाऱ्या आणि फिरवणाऱ्या व्यक्तीसाठी रूढ झालेला बोलीशब्द. पत्रकार, नाटककार यांच्या चालीवर ‘मीमकार’ही करता येतो, पण कोल्हापूरच्या कट्ट्यावर तसे कोणी म्हणाले, तर त्याचेच मीम व्हायचे. मीमांसेशी या शब्दाचे काही नाते नाही. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली ‘अनुकरण केलेले’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाला कात्री लावून ‘मीम’ घडवला, तो नकलेतून माणसामाणसांत पसरणाऱ्या कल्पनांसाठी. इंटरनेटवरच्या विनोदाला तो नंतर चिकटला.

मीमरांतही मानपान आहे. नवे टेम्प्लेट, म्हणजे ज्यावर ज्याने त्याने आपली ओळ चढवायची ते तयार चित्र, आले रे आले की त्यावर पहिला हात मारणारा तो ‘मीमलॉर्ड’. ही पदवी कौतुकाने मिळते तशी टोमण्यानेही. मुद्दाम ओबडधोबड, निरर्थक पोस्ट टाकणारा ‘शिटपोस्टर’. दुसऱ्याचे मीम ढापून, वॉटरमार्क कापून आपल्या पेजवर चढवणाऱ्याला सरळ चोर म्हणतात. नुसते फॉरवर्ड करणाऱ्याला काटेकोर मंडळी मीमर मानतच नाहीत.

कोल्हापुरी मीमराला चित्र कुठलेही चालते, ओळ मात्र इथली लागते. परदेशी टेम्प्लेटमधला गोरा माणूस ‘विषय हार्ड’ किंवा ‘नाद खुळा’ म्हणाला की तो पेठेतला झाला. मिसळीचा कट, तांबडा-पांढरा, रंकाळा आणि पुणेकर हे बारमाही विषय. शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांचे फुटबॉल सामने सुरू झाले, की पेठापेठांतली जुनी ईर्ष्या मोबाइलवर उतरते; हरलेल्या संघाच्या समर्थकाने त्या रात्री ग्रुप न उघडलेलाच बरा.

या मीमांचा खरा कच्चा माल म्हणजे बोलीचा हेल. जून २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ म्हणाले आणि ते महाराष्ट्रभर गाजले. तेच वाक्य प्रमाण मराठीत म्हणून पाहावे. पर्यटन खात्याची जाहिरात होते.

बनवणारा आणि फिरवणारा हा भेद कट्ट्यावर मोठा, प्रकरण चिघळले की मात्र फिरवणाराही अडकतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आक्षेपार्ह स्टेटसवरून हिंसाचार झाला. ती मीम नव्हती, पण इंटरनेट सगळ्यांचेच बंद झाले.