जठराचा कॅन्सर आणि रक्तात चढलेलं कॅल्शियम

मिरजेच्या दवाखान्यांत जत-कवठेमहांकाळकडून, पलीकडे अथणीकडून पेशंट येतात. जठराचा कॅन्सर झालेल्या एखाद्या पेशंटचे नातेवाईक सांगतात, "चार दिवस झाले, नुसते गुंगीत आहेत. पोट साफ होत नाही, सारखं पाणी मागतात, सारखी लघवी." अशक्तपणा असेल, केमोचा त्रास असेल, असं धरून घरी वेळ गेलेला असतो. पण या तक्रारी एकत्र आल्या, की कॅल्शियम तपासायलाच हवं.

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात ते डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम एवढंच. कॅन्सरच्या काही गाठी पॅराथायरॉइडच्या (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींच्या) संप्रेरकासारखं काम करणारं प्रथिन रक्तात सोडतात. असं काही असावं, ही शंका अमेरिकी डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ मध्येच मांडली होती. ते प्रथिन हाती लागलं १९८७ मध्ये. त्याच्यामुळे हाडं झिजून कॅल्शियम रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर जाऊ देत नाहीत. वाढलेल्या कॅल्शियममुळे लघवी जास्त होते, अंगातलं पाणी आटतं, आणि पाणी आटलं की कॅल्शियम आणखी चढतं. कधी कॅन्सर थेट हाडांत पसरूनही हेच घडतं.

फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड यांच्या कॅन्सरमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. जठराच्या कॅन्सरमध्ये क्वचित. पण दिसलंच, तर आजार बहुधा यकृतात किंवा हाडांत पोचलेला असतो.

रिपोर्ट वाचताना मात्र जपायला हवं. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. जेवण तुटलेल्या पेशंटचं अल्ब्युमिन घसरलेलं असतं, त्यामुळे कॅल्शियम आहे त्यापेक्षा कमी दिसतं. समजा रिपोर्टमध्ये कॅल्शियम १०.४ आहे आणि अल्ब्युमिन डेसिलिटरला २ ग्रॅम. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणून बेरीज करायची: हिशेब १२ येतो. नॉर्मल वाटलेला रिपोर्ट नॉर्मल नसतो. शक्य असेल तिथे आयोनाइज्ड कॅल्शियमची, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेल्या मोकळ्या कॅल्शियमची, तपासणी करून घ्यावी.

घरचे बिचारे दूध बंद करतात. त्यानं फारसं काही साधत नाही, कॅल्शियम हाडांतून येतंय. कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र थांबवाव्या लागतात. आधी सलाइन, मग कॅल्शियम उतरवणारी औषधं: कॅल्सिटोनिनचा परिणाम काही तासांत सुरू होतो, झोलेड्रोनिक अॅसिडला दोन ते चार दिवस लागतात. कॅन्सर बरा होत नाही, पण गुंगीतला माणूस पुन्हा नीट बोलू शकतो, आणि कुटुंबासाठी ते फार मोठं असतं. मूळ गाठ आटोक्यात नसेल तर काही आठवड्यांत कॅल्शियम परत चढतं, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख लिहून घ्यावी.