औषध दिलं तरी जंत परत कुठून येतात?

न्यू जर्सीतल्या मैत्रिणीचा फोन आला. तिचा पाच वर्षांचा लॅब्राडोर रोज संध्याकाळी डॉग पार्कात मोकळा पळतो. वर्षात तिसऱ्यांदा त्याच्या शीमध्ये जंतांची अंडी निघाली होती. सासूबाईंचं निदान ठरलेलं होतं, "पेढे भरवता, मग जंत होणारच." मैत्रिणीला औषधाचाच संशय येत होता.

आधी गोडाचं सांगते. साखरेतून जंत जन्माला येत नाहीत. जंत होतो तो जंताच्याच अंड्यातून किंवा अळीतून. साखर लागते ती तपासणीला. शी दाट पाकात कालवून नळी यंत्रात गरगर फिरवली, की पाकाहून हलकी अंडी वर येतात आणि नळीच्या तोंडावर ठेवलेल्या काचेला चिकटतात. अंकुशकृमीचं, म्हणजे हुकवर्म नावाच्या आतड्यातल्या जंताचं, अंडं सूक्ष्मदर्शकाखाली खरंच देखणं दिसतं. कवच पातळ, पारदर्शक आणि आत द्राक्षाच्या घोसासारख्या पेशी.

अमेरिकेत 2019 च्या उन्हाळ्यात 30 महानगरांमधल्या 288 डॉग पार्कांत 3,006 कुत्र्यांची शी तपासली गेली. दर पाचातल्या एकाच्या पोटात काही ना काही परजीवी होता आणि 85 टक्के पार्कांत निदान एक तरी बाधित कुत्रा सापडला. सर्वांत जास्त जिआर्डिया, म्हणजे एकपेशीय जीव. त्याच्या खालोखाल, सुमारे 7 टक्के कुत्र्यांत, अंकुशकृमी. माझा जीव अडकलाय तो या दुसऱ्यात.

उबदार, ओल्या मातीत त्याचं अंडं एक-दोन दिवसांत फुटतं. आठवड्याभरात अळी तयार होते, जेमतेम अर्धा मिलिमीटरची. तिचं तोंड बंद असतं, ती काही खात नाही, साठवलेल्या चरबीवर जगते आणि कुत्र्याची वाट पाहते. उष्णता आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला जाणवतो. कुत्र्याने पंजा चाटला तर ती तोंडावाटे पोटात जाते, नाहीतर थेट कातडीतून शिरते. (माणसाच्या अनवाणी पायातही शिरते आणि कातडीखाली खाजरी, लाल, नागमोडी रेघ उमटते.)

लहान पिल्लात ती रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळली जाऊन आतड्यात पोहोचते. मोठ्या कुत्र्याची प्रतिकारशक्ती मात्र तिला अडवते. मग बऱ्याच अळ्या स्नायूंमध्ये शिरून झोपी जातात. तिथे त्या महिनोन् महिने पडून राहतात आणि जंताचं नेहमीचं औषध त्यांचं काही बिघडवत नाही. आतड्यातले प्रौढ कृमी औषधाने मेले, जागा रिकामी झाली, की यातल्या काही जाग्या होऊन आतड्यात उतरतात. दोन-चार आठवड्यांत शीत पुन्हा अंडी! कुत्री गाभण असेल तर त्या दुधातून पिल्लांत जातात. आईची शी स्वच्छ असू शकते, आणि पिल्लू मात्र त्याच्या शीत एकही अंडं दिसायच्या आत रक्तक्षयाने दगावू शकतं.

म्हणजे मैत्रिणीचं औषध निर्दोष? लगेच तसं म्हणता येत नाही. औषधांना न जुमानणारे अंकुशकृमी अमेरिकेत, विशेषतः शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत, सापडले आहेत. फरक ओळखायला अंडी मोजावी लागतात, एकदा औषधाच्या दिवशी आणि पुन्हा 10 ते 14 दिवसांनी. दुसऱ्या वेळी अंडी जवळजवळ शून्यावर आली आणि महिन्याने परतली, तर औषधाने काम केलं होतं. नवे कृमी स्नायूंतून उतरले किंवा पार्कातून आले. दुसऱ्या मोजणीतही अंडी भरपूर असतील, तर कृमीच औषधाला दाद देत नाही आणि डॉक्टरांना औषध बदलावं लागेल.

मैत्रिणीकडे ही दुसरी मोजणी एकदाही झाली नव्हती. दर वेळी गोळी दिली आणि थेट काही महिन्यांनी तपासलं. या खेपेस तिने गोळीच्या दिवशीचा नमुना दिलाय आणि बाराव्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. तोवर पार्कात त्याने शी केली की लगेच पिशवीत उचलायची. अंड्यातून अळी बाहेर पडायला निदान एक दिवस लागतो, तेवढीच सवड आपल्या हातात असते.