‘डॉक्सी’ आणि लावणीचा ताप : थोडी पार्श्वभूमी

आमच्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसानं जोर धरला की शेतात गुडघाभर चिखल, रोप लावणीची घाई, आणि पाठोपाठ ताप. मग खानापुरात मेडिकलच्या दारात हमखास ऐकू येतं, “अण्णा, तापाच्या चार गोळ्या द्या की. मागच्या वेळच्याच.” मागच्या वेळची ती गोळी बऱ्याचदा डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक असते. बोलताना सगळे नुसतं ‘डॉक्सी’ म्हणतात.

तिचं मूळही मातीतच आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न फील्डमधून गवताच्या वाफ्यातली थोडी माती लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आली. ती तपासणारे बेंजामिन डगर सत्तरी ओलांडलेले, प्राध्यापकीतून निवृत्त झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ. त्या मातीत सोनेरी रंगाचा जिवाणू निघाला आणि त्यापासून १९४८ मध्ये ऑरिओमायसिन हे डॉक्सीच्या घराण्यातलं पहिलं औषध आलं. लेडर्लेच्या संशोधनाचे प्रमुख तेव्हा भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्याच ऑगस्टात ते गेले. पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगचं नाव शाळेतल्या पोरालाही पाठ असतं आणि सुब्बारावांचं नसतं, हे मला कायम खटकतं.

पुढे टेट्रासायक्लीन आलं, आणि १९६७ मध्ये त्याच घराण्यातली डॉक्सी. ही रक्तात जास्त वेळ टिकते, म्हणून दिवसातून एक-दोनदा घेतली तरी चालते. जंतूंना लागणारी प्रथिनं तयार होणं ती थांबवते. आपल्या भागात तिला मान आहे तो दोन रोगांमुळे. एक लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस : उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या चिरांमधून आत शिरणारा. दुसरा स्क्रब टायफस : झाडाझुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा. यात कधी कधी काखेत किंवा जांघेत विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. दुखत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही. डॉक्टरांनाच शोधावी लागते. डेंग्यूवर मात्र डॉक्सीचा काडीचा उपयोग नाही, आणि सुरुवातीला तिन्ही ताप सारखेच वाटतात. ‘मागच्या वेळच्याच’ गोळ्यांची खरी गोम ती.

गोळीबरोबरच्या सूचनांनाही इतिहास आहे. टेट्रासायक्लीन घेतलेल्या लहान मुलांचे दात पिवळे-तपकिरी निघू लागले, तेव्हा कळलं की हे औषध कॅल्शियमला चिकटतं. म्हणून गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते टाळायचं, असा नियम पडला. डॉक्सी कॅल्शियमला कमी चिकटते, त्यामुळे स्क्रब टायफससारख्या आजारात डॉक्टर आता लहान मुलांनाही ती थोडे दिवस देतात. पण ठरवायचं त्यांनीच. ॲसिडिटीचं औषध आणि सरकारी दवाखान्यातली लोहाची गोळी तिचा असर कमी करतात, म्हणून मध्ये दोन-तीन तासांचं अंतर हवं.

उन्हाचंही तसंच. डॉक्सी चालू असताना कातडी लवकर भाजते. पावसाची उघडीप बघून दिवसभर रताळ्याच्या वेलीत वाकणाऱ्या बाईला हे कोणी सांगत नाही. जुन्या गोळ्या डब्यात साठवू नयेत. मुदत संपून खराब झालेल्या टेट्रासायक्लीननं मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद १९६३ मधली आहे. मळमळ, जुलाब हे नेहमीचे त्रास. अंगावर पुरळ आलं, श्वास लागला किंवा डोकं असह्य दुखून नजर अंधुक झाली, तर मात्र थेट दवाखाना गाठायचा.

आमच्या चुलत्यांनी एकदा रात्री कॅप्सूल नुसत्या थुंकीबरोबर गिळली आणि घोंगडं ओढून आडवे झाले. कॅप्सूल अन्ननलिकेतच अडकली. सकाळी घास उतरेना, छातीत आग, घरच्यांना वाटलं हृदयाचंच काहीतरी. आतून भाजल्यासारखा व्रण पडला होता. आठवडाभर पेजेवर काढावा लागला. आमच्याकडे चिठ्ठी इंग्रजीत, दवाखान्यातलं बोलणं कन्नडमध्ये आणि पाकिटावर इंग्रजी-हिंदीतली मुंगीएवढी अक्षरं. चुलत्यांना वाचता येतं ते मराठी. पुढच्या खेपेला दुकानदारानं पाकिटाच्या पाठीवर बॉलपेननं लिहून दिलं : ‘जेवून, तांब्याभर पाण्याबरोबर. अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सात दिवस, सगळ्या.’