वाळूची नळी आणि अकरा लाख कप्पे

१८५५च्या ऑक्टोबरअखेर फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या एका रुग्णालयात वाळू भरलेल्या उभ्या नळीवर प्रयोग सुरू झाले. नळीचा व्यास ३५ सेंटिमीटर. वरून पाणी सोडायचे, खालून किती आले ते मोजायचे आणि दोन्ही टोकांचा दाब पाऱ्यावर वाचायचा. रुग्णालयातले नळ सतत उघडबंद होत, त्यामुळे पारा हलत राही. इंजिनिअर हेन्री डार्सी यांनी ही अडचणसुद्धा प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली आहे. १८५६ मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्यावरील त्यांच्या ग्रंथाच्या परिशिष्टात निष्कर्ष छापून आला: दोन टोकांच्या जलपातळीतला फरक दुप्पट केला की प्रवाह दुप्पट, वाळूचा थर दुप्पट केला की प्रवाह निम्मा.

या नियमात मला सर्वांत मोलाचे वाटते ते डार्सींनी सोडून दिलेले. दोन कणांमधल्या फटीतून पाणी कसे वळसे घेते, कुठे अडते, याच्या मागे ते लागले नाहीत. तो सगळा गुंता त्यांनी एका गुणांकात बांधला. त्यातून द्रवाचा चिकटपणा आणि वजन वेगळे काढले की उरते ती खडकाची पारगम्यता, म्हणजे द्रवाला आतून वाट देण्याची क्षमता. तिच्या एककालाही पुढे डार्सी हेच नाव मिळाले. (एक डार्सी म्हणजे साधारण एक वर्ग मायक्रोमीटर. खडकाची ही सोय क्षेत्रफळात मोजतात, हे पहिल्यांदा वाचताना माणूस थबकतोच.) पण हा आकडा खडकाच्या केवढ्या तुकड्याचा? भूगर्भातल्या प्रवाहाचे प्रतिमान (गणिती मॉडेल) बांधणाऱ्या संशोधकाचे काम आजही बहुतांशी याच प्रश्नाभोवती फिरते.

विहिरीकडे येणाऱ्या स्थिर प्रवाहाचे सूत्र ज्यूल द्युप्युई यांनी १८६३ मध्येच मांडले होते. पण पंप सुरू केला की पातळी तासागणिक उतरत जाते. तो काळाचा हिशेब बसायला १९३५ साल उजाडले. अमेरिकी भूजलतज्ज्ञ चार्ल्स थाइस यांच्या लक्षात आले की घन पदार्थातून उष्णता वाहते आणि थरातून पाणी विहिरीकडे येते, या दोन्हींचे गणित एकच आहे. गणितज्ञ सी. आय. लुबिन यांची मदत घेऊन त्यांनी तापमानाच्या जागी जलपातळी ठेवली. पंपिंग चाचणीचे आकडे आजही त्याच सूत्राला लावून पाहिले जातात.

खनिज तेलाने प्रश्न अवघड केला. एकाच छिद्रात तेल, पाणी आणि वायू असले की ते एकमेकांची वाट अडवतात. १९३६ मध्ये वायकॉफ आणि बॉटसेट यांनी वाळूतून वायू आणि द्रव एकत्र वाहवून ही अडवणूक मोजली. १९४२ मध्ये बकली आणि लेव्हरेट यांनी पाण्याने ढकललेल्या तेलाची आघाडी कशी सरकते ते मांडले. अगदी सोपे नमुने सोडले, तर ही समीकरणे कागदावर सुटणारी नव्हती. १९५५ मध्ये डोनाल्ड पीसमन आणि हेन्री रॅचफर्ड यांनी वाट काढली: थराचे चौकोन पाडायचे, आधी आडव्या ओळींची समीकरणे सोडवायची, मग उभ्या ओळींची.

संगणक वाढले तसे हे चौकोन, म्हणजेच कप्पे, वाढले. पण प्रत्येक कप्प्यात पारगम्यता भरायची कुठून? प्रयोगशाळेत येतो तो खडकाचा बोटभर दंडगोल. असा प्रवाह संगणकावर चालवून पाहणारे सिम्युलेटर पारखण्यासाठी माइक ख्रिस्टी आणि मार्टिन ब्लंट यांनी २००१ मध्ये मांडलेल्या नमुन्यात ६० × २२० × ८५, म्हणजे ११,२२,००० कप्पे आहेत. एकेक कप्पा सुमारे ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर जाड. खालच्या थरांत प्राचीन नदीपात्रांची वाळू नागमोडी वळत जाते आणि तिला लागूनचाच कप्पा जवळजवळ बंद असतो. हिशेब लवकर उरकावा म्हणून कप्पे मोठे करून सरासरी घेतली, की ती पात्रे पुसली जातात. मग त्यांतून पुढे धावणारे पाणी गणितात मात्र उशिरा पोचते.

१९९६ मध्ये उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात, सुमारे एक किलोमीटर खोल वालुकाश्मात, वर्षाला १० लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडायला सुरुवात झाली. नंतरच्या भूकंपीय चित्रांत (जमिनीत पाठवलेल्या कंपनांच्या प्रतिध्वनींवरून काढलेल्या) तो वायू शेलच्या, म्हणजे घट्ट चिखलाच्या खडकाच्या, जेमतेम मीटरभर जाड पट्ट्यांखाली थराथराने पसरलेला दिसला. वायू सोडण्यापूर्वीच्या भूकंपीय चित्रांत त्या पट्ट्या उमटल्याच नव्हत्या.