काचबिंदू: थेंब डोळ्यात पडला तरच उपचार

काचबिंदूत गेलेली नजर कुठल्याच उपचाराने परत येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की स्पष्ट दिसू लागतं, तशीच अपेक्षा इथेही ठेवली जाते. महिनाभर थेंब घालून फरक जाणवला नाही की दुसरी बाटली आणलीच जात नाही. नुकसान नेमकं इथे होतं. थेंब आहेत ते उरलेली नजर टिकवण्यासाठी.

डोळ्याच्या आत एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निथळून जातो. निचरा मंदावला की दाब चढतो आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू मरते. साधारण दाब 10 ते 21 मिलिमीटर पारा इतका असतो. पण काहींची नस 18 लाही खराब होते, म्हणून प्रत्येकाचं लक्ष्य डॉक्टर वेगळं ठरवतात.

लॅटानोप्रॉस्ट आणि टिमोलॉल ही थेंबांची दोन औषधं. लॅटानोप्रॉस्ट रात्री एकदाच घालायचं असतं. ते निचरा वाढवतं. डोळे थोडे लाल होणं, पापण्यांचे केस वाढणं, पापणीची कातडी काळवंडणं हे त्याचे नेहमीचे परिणाम. टिमोलॉल द्रव कमी तयार होऊ देतं, पण दमा असलेल्याला ते धोक्याचं आहे. नाडी मंद असेल तरीही डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

आता थेंब घालण्याबद्दल. हात धुवा, मान मागे टाका, खालची पापणी बोटाने ओढून खोबण करा आणि बाटलीचं टोक कुठेही न टेकवता एकच थेंब सोडा. दुसरा थेंब डोळ्यात मावत नाही, गालावर ओघळतो आणि बाटली लवकर संपते. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. तसं केलं नाही तर औषध अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून रक्तात जातं. टिमोलॉलने दम लागतो तो यामुळेच. दोन औषधं असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. हात थरथरत असेल तर तो कपाळावर टेकवा. थेंब आत पडल्याचं कळत नसेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नको), गार थेंब लगेच जाणवतो. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा.

थेंब झेपत नसतील तर किंवा अगदी सुरुवातीलाच एसएलटी लेझर (निचऱ्याच्या जाळीवर लेझर मारून निचरा वाढवणं) करता येतं. ओपीडीत काही मिनिटांत होतं. परिणाम काही वर्षांनी ओसरतो. तेवढ्यानेही भागलं नाही, तर ट्रॅबेक्युलेक्टॉमी हे ऑपरेशन करून द्रवाला नवी वाट काढून देतात. अशा डोळ्याला कित्येक वर्षांनीही लाली, दुखणं किंवा चिपडं आली तर त्याच दिवशी दाखवावं. डोळा एकाएकी ठणकला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली आणि उलट्या झाल्या तर ताबडतोब हॉस्पिटल गाठावं. पित्ताची गोळी घेऊन थांबू नये.

शीर्षासन टाळा, दाब दुपटीच्या आसपास चढू शकतो. डोळा खाजतो म्हणून दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंबही दाब वाढवतात. सख्ख्या भावंडांचे डोळे तपासून घ्या.

तपासणीला जाताना किती थेंब चुकले ते खरं सांगा. दोन दिवस आधी नियमित घातले की दाब ठीक दिसतो, नस मात्र खराब होत असते. मग औषध पुरत नाही असं समजून डॉक्टर ऑपरेशन सुचवतात.