‘निवडक’ तणनाशक : एका विशेषणाची पार्श्वभूमी

पिकाला धक्का न लावता तण मारणारे रसायन म्हणजे निवडक तणनाशक, ही व्याख्या व्यवहारापुरती पुरेशी असली तरी तिच्यात एक मेख आहे. निवड जणू ते रसायनच करते, असे ती सुचवते. प्रत्यक्षात हा निवडकपणा क्वचितच केवळ रसायनाच्या अंगचा असतो. पीक, तण, मात्रा, वाढीची अवस्था आणि रसायन पडण्याची जागा यांच्या मेळातून तो घडतो आणि मेळ बिघडला की नाहीसा होतो. मागील तीन-चार दशकांत या विशेषणाचा अर्थ इतका ताणला गेला आहे की, सगळे हिरवे मारणारे रसायन सहन करणारे पीक तयार केले की त्या रसायनालाही ‘निवडक’ म्हणावे का, हा वाद नीट समजून घ्यायचा तर हे विशेषण कुठून कुठे आले हे पाहावे लागते.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. फ्रान्समध्ये १८९६ च्या सुमारास द्राक्षवेलींच्या केवडा रोगावर वापरले जाणारे मोरचुदाचे मिश्रण रानमोहरीवर पडले, तेव्हा तिची पाने काळी पडलेली आढळली. त्यानंतरच्या काही वर्षांत अनेक देशांत तृणधान्यांतील रानमोहरीवर मोरचूद, हिराकस आणि पुढे सौम्य गंधकाम्लही फवारले जाऊ लागले. धान्याचे पान उभे आणि मेणचट असल्यामुळे त्यावर थेंब ठरत नसे आणि त्याचा वाढबिंदू पर्णकोषांत झाकलेला असे. रानमोहरीचे पान पसरट, खरबरीत आणि शेंडा उघडा असल्याने ती होरपळून जाई. म्हणजे हा निवडकपणा केवळ आकाराचा होता. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट झालेले डीएनओसी हे पिवळे रसायनही याच तत्त्वावर चाले आणि ते फवारणाऱ्या माणसालाही घातक होते.

खरे वळण आले ते १९४० च्या दशकात. वनस्पतींच्या वाढीचे नियमन करणाऱ्या ऑक्सिन या संप्रेरकाचा अभ्यास आधीच सुरू होता. त्याच्याशी साधर्म्य असलेली कृत्रिम संयुगे अधिक मात्रेत दिली तर वनस्पती वाढता वाढताच मरते, हे ब्रिटन आणि अमेरिकेत वेगवेगळ्या गटांच्या जवळपास एकाच वेळी लक्षात आले. महायुद्ध चालू असल्याने हे काम बराच काळ गुप्त राहिले आणि अग्रक्रम कोणाचा हा प्रश्न त्यामुळे पुढेही रेंगाळला. अशा संयुगांपैकी २,४-डी १९४५ मध्ये अमेरिकेत आणि एमसीपीए १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले. हिराकशीची मात्रा जिथे हेक्टरी शेकडो किलोंच्या हिशेबात मोजली जाई, तिथे आता अर्धा ते एक किलो पुरू लागले. शिवाय ही रसायने आंतरप्रवाही असल्याने पानावर पडलेला अंश मुळापर्यंत पोहोचत असे.

रुंद पानांची तणे मरतात आणि गवतवर्गीय पिके तगतात, या साध्या सूत्रामुळे ‘निवडक’ हा शब्द शेतीच्या रोजच्या भाषेत रुजला. पण हे सूत्रही सरसकट खरे नव्हते. फुटवे धरण्यापूर्वी किंवा कांडी धरल्यानंतर २,४-डी फवारले तर गव्हाच्या ओंब्या वेड्यावाकड्या होतात, हे लवकरच ध्यानात आले. याच रसायनाची अत्यल्प मात्रा लिंबूवर्गीय झाडांवर फळगळ थांबवण्यासाठी वापरली जाते. म्हणजे मात्रा बदलली की तणनाशकाचे संजीवक होते. त्याचे एस्टर रूप वाफ होऊन वाऱ्याबरोबर जाते, आणि कापूस, द्राक्ष, टोमॅटो ही पिके त्याला इतकी हळवी आहेत की शेजारच्या शेतातील फवारणीनेही त्यांची पाने आकसतात.

आणखी एक परिणाम सावकाश दिसला. रुंद पानांची तणे हटल्यावर मोकळी झालेली जागा गवतवर्गीय तणांनी घेतली. गव्हात रानओट, भातात सावावर्गीय गवत अशी पिकाच्याच कुळातील तणे डोईजड झाली आणि आकाराच्या फरकावर आधारलेला जुना निवडकपणा तिथे निरुपयोगी ठरला. पुढील संशोधनाची दिशा यातूनच ठरली.

भात आणि सावा यांच्या पानांत असा काय फरक असणार? १९६० च्या सुमारास आलेल्या प्रोपॅनिल या तणनाशकाने याचे उत्तर दिले, आणि या सगळ्या इतिहासातील सर्वांत देखणे उदाहरण मला तेच वाटते. प्रोपॅनिल दोन्ही वनस्पतींत शिरते आणि दोन्हींचे प्रकाशसंश्लेषण रोखते. परंतु भाताच्या पानात ॲरिल ॲसिलॲमिडेज नावाचे विकर (एन्झाइम) मुबलक असल्याने ते रसायनाचे तुकडे करून टाकते, सावाला ते तितक्या वेगाने जमत नाही. मग भातावर याच सुमारास ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातील कीटकनाशक फवारले तर काय होते? ते हेच विकर निकामी करते आणि पीक तणासारखेच करपते. डब्यातील तणनाशक तेच, शेतही तेच, तरी निवडकपणा गेला. कारण तो डब्यात नव्हताच, भाताच्या पानात होता. पुढे दोन-तीन दशकांच्या वापरानंतर हे विकर वाढलेले सावाचे प्रकार आढळू लागले, म्हणजे तणाने पिकाचीच युक्ती उचलली.

मक्यातील ॲट्राझिनची कथा याच जातीची आहे. अमेरिकेत १९५८ मध्ये नोंदणी झालेले हे तणनाशक मका ग्लुटाथायोन या रेणूला जोडून निष्प्रभ करतो. सोयाबीनमधील मेट्रिब्युझिन या तणनाशकाच्या बाबतीत तर वाणागणिक सहनशीलता बदलते आणि हलक्या जमिनीत धोका वाढतो. काही तणनाशके बियाण्याच्या खाली किंवा वर, मातीच्या ठरावीक थरात राहतात म्हणूनच निवडक असतात. मुसळधार पावसाने ती खाली वाहिली तर पिकाचीही गय करत नाहीत. १९७० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या ‘सेफनर’ म्हणजे पिकाला तणनाशकापासून वाचवणाऱ्या संयुगांनी आणखी एक पाऊल टाकले आणि मक्याची विषनिवारक विकरे मुद्दाम उत्तेजित करून निवडकपणा बाहेरून बहाल केला.

शब्दाचा खरा गुंता येथून सुरू होतो. निवडकपणा बाहेरून देता येतो, तर तो कोणत्या मार्गाने दिला म्हणजे ‘निवडक’ हा शब्द योग्य राहतो? १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका रोपवाटिकेत ॲट्राझिनच्याच ट्रायाझिन गटातील सिमाझिन या तणनाशकाला दाद न देणारे तण सापडले. नंतर मोहरीच्या कुळातील एका तणातही या गटाविरुद्ध अशीच प्रतिकारशक्ती दिसली. कॅनडात ती संकराद्वारे तेलबियांच्या पिकात उतरवण्यात आली आणि १९८४ मध्ये तसा वाण प्रसृत झाला. त्याचे उत्पादन इतर वाणांपेक्षा कमी होते, पण तत्त्व सिद्ध झाले होते : रसायन बदलण्याऐवजी पीक बदलावे. १९९२ मध्ये इमिडॅझोलिनोन गटातील तणनाशके सहन करणारा मका आला, तोही जनुकीय अभियांत्रिकीविना.

ग्लायफोसेट मात्र १९७४ पासून बिननिवडक तणनाशक म्हणून विकले जात होते. हिरवे दिसेल ते मारणे ही त्याची ख्याती होती. १९९६ मध्ये मातीतील एका जिवाणूचे जनुक घातल्याने ग्लायफोसेट सहन करणारे सोयाबीन आले आणि त्या शेतापुरते तेच रसायन निवडक झाले. रेणूत एका अणूचाही बदल झालेला नव्हता.

अशा पिकांचे समर्थक म्हणतात की, शास्त्रीयदृष्ट्या फरक काहीच नाही. भाताचे विकर निसर्गतः आले, सोयाबीनमधील जनुक प्रयोगशाळेतून आले, पीक तगले आणि तण मेले की व्याख्या पूर्ण होते. हा युक्तिवाद चुकीचा आहे असे म्हणता येत नाही. तरीही माझ्या मते एकच विशेषण दोन्हींना लावल्याने एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. जुन्या निवडकपणाला मर्यादा होती आणि ती मर्यादाच लगाम घालत असे : अवस्था चुकली, मात्रा वाढली की पीक दुखावे, म्हणून फवारणाऱ्याचा हात आवरला जाई. नव्या निवडकपणात तो लगाम सुटला. एकाच हंगामात, एकाच रसायनाच्या अनेक फवारण्या, शेजारीपाजारी सर्वत्र आणि वर्षानुवर्षे शक्य झाल्या. निवडकपणा बियाण्याबरोबर विकत घेण्याची वस्तू झाली. ग्लायफोसेटला न जुमानणारे पहिले तण ऑस्ट्रेलियात १९९६ मध्येच नोंदवले गेले आणि त्याचा या पिकांशी संबंध नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. पण नंतर अमेरिकेच्या सोयाबीन आणि कापूस पट्ट्यात प्रतिकारक तणे ज्या वेगाने पसरली, त्याचे कारण या सुटलेल्या लगामातच शोधावे लागते.

लगाम असतानाही प्रतिकार येत होताच. क्लोरसल्फ्युरॉन हे तणनाशक १९८२ मध्ये हेक्टरी १० ते २० ग्रॅम एवढ्या नगण्य मात्रेने आले आणि पाच वर्षांतच त्याला प्रतिकारक तण सापडले. भारतात हरियाणा-पंजाबच्या गव्हात आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला न जुमानणाऱ्या गुल्ली डंडा या गवताने १९९० च्या दशकाच्या आरंभी असाच धडा दिला. म्हणून आता तणनाशकांची वर्गवारी निवडक-बिननिवडक अशी न करता ती वनस्पतीत नेमका कोठे घाव घालतात यावरून करण्याकडे कल आहे आणि अनेक देशांत लेबलांवर तसे गट दाखवले जातात.

ग्लायफोसेटचा जोर ओसरल्यावर पर्याय म्हणून १९६० च्या दशकातील डायकांबा पुन्हा पुढे आणण्यात आले. मका आणि तृणधान्यांतील हे जुने निवडक तणनाशक सोयाबीनला मात्र अतिशय घातक. म्हणून ते सहन करणारे सोयाबीन तयार झाले आणि २०१७ च्या हंगामात अमेरिकेत उभ्या पिकावर त्याची फवारणी सुरू झाली. वाफ आणि वारा यांनी ते बांधापलीकडे गेले व लाखो एकर सोयाबीनची पाने वाटीसारखी आकसली. फवारणीच्या परवानग्या न्यायालयांनी २०२० आणि २०२४ मध्ये रद्द ठरवल्या. बांधाच्या दोन्ही बाजूंना पीक एकच होते आणि रसायनही एकच. अलीकडच्या शेतात ते निवडक होते, पलीकडच्या शेतात नव्हते.